एकाच जनुकाची तीन नावं : ऑटोफॅजीच्या डेटाबेसची गोष्ट

'सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी चालू होईल, शरीर स्वतःच साफ होईल,' अशी एखादी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. ऐकताना वाटतं, दिव्याचं बटण असावं तसं काहीतरी आहे. दाबलं की चालू. पेशीत मात्र असं एकच एक बटण नाही. हे शास्त्रज्ञांना कसं कळत गेलं, तो इतिहास आज सांगतो.

सुरुवात करू १९५५ पासून. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी पेशीतला लायसोसोम शोधला. लायसोसोम म्हणजे पेशीची पचनाची पिशवी. पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग या पिशवीत टाकून पचवते आणि सुटा झालेला माल पुन्हा वापरते. १९६३ मध्ये लंडनच्या एका परिषदेत द ड्यूव यांनी या प्रकाराला नाव दिलं, ऑटोफॅजी. ग्रीक शब्द आहे, अर्थ सरळ : स्वतःला खाणं.

नाव तर मिळालं, पण हे काम करणारी जनुकं कोणती? ते कळायला जवळजवळ तीस वर्षं लागली. टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी साधं यीस्ट घेतलं. हो, पाव फुगवणारं तेच यीस्ट. त्यातही असं वाण निवडलं, ज्याच्या पिशवीतली पचन करणारी एन्झाइम्स निकामी होती. मग या पेशींना उपाशी ठेवलं. पचन बंद, पण माल येतोच आहे, त्यामुळे पिशवीत बुडबुडेच बुडबुडे साठले आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसले! हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी बिघाड झालेल्या यीस्टचे १५ गट वेगळे केले, म्हणजेच १५ जनुकांचा माग लागला. या कामासाठी २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता खरी गंमत. त्याच काळात जर्मनीत मिशाएल थुम आणि अमेरिकेत डॅनियल क्लायोन्स्की हेही यीस्टवरच काम करत होते. क्लायोन्स्की तर एक एन्झाइम पिशवीपर्यंत कसं पोचतं, हा वेगळाच प्रश्न घेऊन निघाले होते. प्रत्येकाने आपापली नावं ठेवली. ओसुमींचं एपीजी-८, थुम यांचं एयूटी-७ आणि क्लायोन्स्कींचं सीव्हीटी-५ ही तिन्ही नावं एकाच जनुकाची निघाली! घरी बंड्या, शाळेत प्रकाश आणि आजोळी पिंट्या, तसंच. शिवाय दुसऱ्या जातींच्या यीस्टवर काम करणाऱ्यांची नावं आणखी निराळी.

यात नुसती गैरसोय नव्हती. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं, की ऑटोफॅजीतल्या बेक्लिन-१ या माणसाच्या जनुकाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आहे. म्हणजे यीस्टमधली माहिती आता रोगांच्या अभ्यासाला लागणार होती. अशा वेळी कर्करोगावर काम करणाऱ्याने एक नाव शोधलं आणि बाकीच्या दोन नावांखालचे निबंध त्याला सापडलेच नाहीत, तर?

म्हणून २००३ मध्ये हे सगळे गट एकत्र आले आणि यीस्टच्या या जनुकांना एकच आडनाव ठरलं : एटीजी. आपापली जुनी नावं त्यांनी सोडली. मला हा प्रसंग नोबेलइतकाच मोठा वाटतो, कारण डेटाबेस म्हणजे शेवटी एक खतावणी. एकाच माणसाची तीन नावांनी तीन खाती असली, तर हिशोब जुळणार कसा?

नावं जुळली आणि खतावण्या तयार होऊ लागल्या. जपानी संशोधकांचा ऑटोफॅजी डेटाबेस २०११ मध्ये शोधनिबंधातून जगासमोर आला. कोणत्या जीवात कोणतं प्रथिन, हे त्यात बघता येत होतं. पुढचा प्रश्न होता, या प्रथिनांवर हुकूम कोणाचा चालतो? बुडापेस्टच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये 'ऑटोफॅजी रेग्युलेटरी नेटवर्क' आलं. त्यात माणसाची १,४८५ प्रथिनं आणि त्यांच्यातले ४,०१३ संबंध मांडले होते. काही संबंध संशोधकांनी निबंध वाचून हाताने नोंदवले, काही इतर डेटाबेसमधून घेतले, काही संगणकाने वर्तवलेले अंदाज होते.

आता ४,०१३ हा आकडा त्या रीलशेजारी ठेवून बघा. उपासमार हा या जाळ्यातला एक धागा आहे, आणि तो खराच आहे. पण कोणत्या पेशीत, केव्हा, किती, हे बाकीचे धागे ठरवतात. कर्करोगाचंच घ्या. गाठ होऊ नये म्हणून ऑटोफॅजी मदत करते, आणि गाठ झाल्यावर तीच ऑटोफॅजी त्या गाठीच्या पेशींना तग धरायलाही मदत करू शकते. मग औषधाने ती वाढवायची की दाबायची? हे ठरवायला आधी जाळ्याचा नकाशा हातात हवा.

त्यामुळे पुढची रील आली, की एवढंच विचारा : कोणत्या पेशीत आणि कशावरून? भेटू पुढच्या भागात.