तळटीप : राजीनामा
* राजीनामा : 'राजी' (संमत, खूश) आणि फारसी 'नामा' (लेख, पत्र) मिळून झालेला शब्द. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. पद सोडण्याला तिथे इस्तीफा म्हणतात. आपल्याकडे जमीन महसुलाच्या दप्तरात रयत जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा कसणारा कबुलायत. 'पायउतार होणे' याहून वेगळे : घोड्यावरून वा पालखीतून उतरून पायी होणे, त्यावरून सत्ता सोडणे. ते सत्ताधाऱ्याला लागते. पिंपरी-चिंचवडचे महापौर नितीन काळजे अडीच वर्षांच्या मुदतीआधीच, जुलै २०१८ मध्ये पायउतार झाले; ऑगस्टमध्ये राहुल जाधव महापौर झाले. भोसरी-चाकणचा कामगार पायउतार होत नाही. तो राजीनामा 'टाकतो', 'व्हीआरएस घेतो', 'हिशेब घेतो'. त्याच्या अर्जात बहुधा एक शब्द असतो : 'स्वखुशीने'. 'राजी'चाच तो मराठी अवतार. म्हणून या प्रकरणात जिथे जिथे 'राजीनामा दिला' असे येते, तिथे सही करणाऱ्याची खुशी कितपत होती, हे वाचकाने आवर्जून पाहावे. — संपादक