डिस्क दिसत नाही

1980 साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, 5 मेगाबाइटची एसटी-506 ही हार्ड डिस्क आणली. अशा डिस्का संगणकाला आपणहून ओळखता येत नसत. 1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये ठरावीक डिस्कांचा तक्ताच भरलेला होता; त्यातला योग्य क्रमांक वापरणाऱ्याने निवडायचा. पुढच्या यंत्रांत सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे हाताने भरायची सोय झाली. आकडा चुकला की संगणक अडून बसे.

आयडीई या नव्या जोडणीने हा जाच संपवला. कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि विचारल्यावर ती स्वतःची ओळख सांगू लागली. पण एका केबलवर दोन डिस्का असत. मास्टर-स्लेव्ह ठरवणारा मागचा इवलासा जंपर चुकला, तर कधीकधी दोन्ही गायब! पुढे साटा जोडणी आली आणि जंपरही गेला.

एसएसडीसाठीच्या एनव्हीएमई या पद्धतीची पहिली आवृत्ती 2011 मध्ये आली आणि आजचा घोळ तिथूनच सुरू होतो. एम.2 आकाराची, दोन खाचांची साटा एसएसडी केवळ एनव्हीएमईसाठीच्या स्लॉटमध्येही बिनबोभाट बसते, फक्त दिसत नाही.

लॅपटॉपमधली चांगली चाललेली नवी एसएसडी अचानक दिसेनाशी झाली, तर आधी बायोस उघडावा. तिथे नाव असेल, तर दोष बहुधा विंडोज, ड्रायव्हर किंवा विभाजनात असतो. नसेल, तर लॅपटॉप बंद करून, बॅटरीची जोडणी काढून, एसएसडी तिरपी सरकवत पुन्हा पूर्ण बसवावी आणि स्क्रू आवळावा.