पाचगणीची हवा, मद्रासची गोळी

क्षयावर औषध नव्हते, तेव्हा डॉक्टर हमखास सांगत, हवापालट करा. साताऱ्यातील पाचगणीला या सल्ल्याने वेगळीच ओळख दिली. सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या या गावात डॉ. बिलिमोरियांचे ‘बेल एअर’ सॅनेटोरियम उभे राहिले. इकडे सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीतही क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होते. मिरजेचे मिशन रुग्णालय नावारूपाला आणणारे कॅनडाचे शल्यविशारद विल्यम वानलेस यांचेच नाव या वाडीला आहे.

उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने अंथरूण. काहींच्या छातीत सुईने हवा भरून फुप्फुसाला विसावा दिला जाई. ज्याच्या घरी त्याच्यावाचून चूल अडत नसे, त्यालाच हे परवडे.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पण ते इंजेक्शनाचे औषध. पोटात घेण्याचे ‘पास’ आले आणि १९५२ मध्ये स्वस्त व प्रभावी आयसोनियाझिड. मग रुग्ण घरीच राहून बरा होईल का? याची कसोटी १९५६ मध्ये मद्रासला सुरू झाली. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या चमूने गरीब वस्त्यांतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक सॅनेटोरियमच्या खाटेवर, दुसरा आपल्याच दाटीच्या खोलीत. गोळ्या दोघांना त्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना लागणीचा धोकाही वाढला नव्हता. डोंगराच्या हवेची सद्दी तेथे संपली.

मात्र खाटेशेजारची परिचारिकाही त्याबरोबर गेली. ‘पास’चा डोस ग्रॅममध्ये मोजावा लागे, त्याने मळमळे, दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला की रुग्ण ते गुपचूप टाकून देत. नुसते आयसोनियाझिड पोटात गेले की उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होत. म्हणून मद्रासचे कर्मचारी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. रुग्णावरचा हा अविश्वास बोचतो खरा, पण त्याच्यावर सगळा भार टाकून मोकळे होण्यापेक्षा तो बरा.

पुढे डॉट्समध्ये आठवड्यातून तीनदा, कुणाच्या तरी देखत गोळ्या देण्याची पद्धत आली. २०१७ पासून भारत पुन्हा रोजच्या डोसाकडे वळला. आता वजनाप्रमाणे ठरलेल्या एकत्रित गोळ्या साधारण सहा महिने घ्यायच्या असतात. त्यांतील रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जायचे. हातापायांच्या मुंग्यांवर ब-६ जीवनसत्त्व देतात. दारू यकृताचा धोका वाढवते.

सातारा-सांगलीच्या उसाच्या फडांवर हा हिशेब अवघड होतो. बीडकडून येणाऱ्या तोडणी कामगारांचा हंगामही जवळपास उपचाराइतकाच लांब. गावी सुरू झालेली गोळी फडावर संपली, तर पुढचे पाकीट जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायला हवे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या ऑनलाइन नोंदणीमुळे रुग्णाचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. निघण्यापूर्वी गावच्या केंद्रात तेवढे सांगून यावे लागते.