दर्शनी हुंडीपासून बोलत्या पडद्यापर्यंत

सुरत म्हटले की मराठी मनाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पण ज्या संपत्तीमुळे हे बंदर डोळ्यांवर आले, ती केवळ जहाजे आणि वखारी यांवर उभी नव्हती. तिच्या मुळाशी पत होती, आणि पत जपण्याच्या काटेकोर रीती होत्या.

हुंडीचेच पाहा. दर्शनी हुंडी दाखवताच रक्कम द्यायची, मुदती हुंडीची ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शहामार्फतच ते मिळत, आणि पुढे खोट निघाली तर परतफेडीचे दायित्व त्या शहावर येई. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गेली तर परपेठ लिहून मिळे.

दुसरी रीत स्पर्शाची. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवर पाहिलेला सौदा वर्णिला आहे. वस्त्राखाली हातात हात घेऊन, बोटे दाबून किंमत ठरे. शेजारी बसलेल्यालाही तिचा पत्ता लागत नसे. ज्या व्यवहारात डोळ्यांचे कामच नव्हते, तो चोख मानला जाई!

अंध ग्राहकाचा भरवसा असाच ओळखीच्या दुकानदारावर आणि आपल्या बोटांवर राहिला. १९९६ पासून आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांवर त्याच्यासाठी उठावदार खुणा होत्या: शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे 'मणी' हे मोबाइल ॲप दिले.

मग दुकानच पडद्यावर गेले. सुरतेची साडी घरबसल्या मागवता येऊ लागली, पण पोत चाचपणे संपले. येथे आधार झाला पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालींचा. स्वतः अंध असलेल्या मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' ही विनामूल्य प्रणाली सुरू केली. तिच्याबरोबर येणारा 'ई-स्पीक' आवाज मराठीही वाचतो आणि गुजरातीही. आपल्यासारख्या दुभाषी घरांना हे सोयीचेच.

तथापि प्रणाली लिहिलेले तेवढेच वाचते. साडीच्या चित्राला वर्णन नसेल, 'पैसे भरा' या बटणाला नाव नसेल, वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगितली असतील, तर ती मुकी होते. अशा वेळी ग्राहक शेजाऱ्याला हाक मारतो, कार्डाचा क्रमांक सांगतो, ओटीपीही वाचून घेतो. धोका शिरतो तो या फटीतून.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. संकेतस्थळाचा पत्ता एकेक अक्षर वाचून घ्यावा. गुप्त आकडे कानाला लावलेल्या हेडफोनमध्येच ऐकावेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० वर कळवावे. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हायला हवे.

परंतु सारा भार ग्राहकावर का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे असावे, असे सांगितले. तरीही ओळख पटवण्यासाठी अंधांना पडद्यासमोर डोळे मिचकावण्यास सांगितले जाई. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

जुन्या सुरतेने पारखीची जबाबदारी पत असलेल्या शहावर टाकली होती. आज ती पत मोठ्या दुकानांकडे आहे. तेव्हा दाराची कडी अंधालाही सापडेल अशी बसवणे, हे काम दुकानाचे आहे. दिवाळीची खरेदी ज्याची त्याला, कोणाचे डोळे उसने न घेता करता यावी, एवढीच ही मागणी.