तटाआडचे औरंगाबाद: हिमरू आणि नान-खलिया

दख्खनमधील अनेक तटबंद शहरे आधी कोट म्हणून उभी राहिली आणि मग कोटाच्या आश्रयाने त्यांचे बाजार वाढले. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बाबतीत मात्र हा क्रम उलटा आहे, कारण येथे आधी पाणी आले, मग वस्ती दाटली आणि तट सर्वांत शेवटी चढला. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर, जो मूळचा हबशी म्हणजे आजच्या इथिओपियाकडील, याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी नगर वसवले आणि डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून त्यात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाणारी ही योजना पुढील सर्व राजवटींनी वापरली, आणि या शहराचा खरा पाया कोणता असे विचारले तर तटापेक्षा या नहरीकडेच बोट दाखवावे लागेल.

दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजांनी बऱ्हाणपूरच्या समृद्ध पेठा लुटल्या, त्याच वर्षी औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर बंड करून महाराजांच्या आश्रयाला गेला आणि १६८२ मध्ये औरंगजेब बादशहा स्वतः येथे येऊन राहिला. मराठ्यांच्या धाडींपासून शहर सुरक्षित राहावे म्हणून तट बांधला गेला तो याच सुमारास. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मकाई असे चार मुख्य दरवाजे त्याला होते, तर भडकल दरवाजा मलिक अंबराच्या काळापासूनच उभा होता. लहानमोठे धरून बावन्न दरवाजे मोजण्याचा लोकांचा प्रघात आहे. त्यांपैकी थोडेच आज शिल्लक आहेत. तटाबाहेर कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा असे पुरे वसले, आणि त्यांची नावे मोगलांच्या चाकरीतील राजपूत सरदारांची स्मृती अजून बाळगून आहेत.

सरदार, मनसबदार आणि त्यांचे कुटुंबकबिले एका जागी आले की उंची कापडाला मागणी येते, आणि हिमरूचा विणकाम-धंदा या मागणीवर पोसला. किमखाब म्हणजे अस्सल रेशीम आणि जर यांचे भरजरी कापड, जे मोजक्यांनाच परवडे. हिमरूत ताणा म्हणजे उभा धागा सुती आणि बाणा म्हणजे आडवा धागा रेशमी घेऊन तशाच वेलबुट्टीचे, पण कमी खर्चाचे वस्त्र तयार होई. नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे सुटत असल्याने कापडाला मऊपणा आणि ऊब येते, म्हणून त्याच्या शाली व शेरवान्या होत. मशरू हे याचेच भावंड, ज्यात वरच्या बाजूस रेशीम दिसते आणि अंगाला सूत लागते. पुरुषाने रेशीम अंगाशी लावू नये हा धार्मिक दंडक त्यामुळे पाळला जाई.

हिमरूचे कसब हातमागाच्या जाळ्यात साठवलेले असते. कागदावरील नक्षीनुसार दोऱ्यांच्या गाठी बांधून जाळा तयार करतात, म्हणजे नक्षी दोऱ्यांतच उतरवून ठेवतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, मदतनीस ठरलेल्या क्रमाने जाळ्याचे दोरे ओढतो, त्याबरोबर ताण्याचे नेमके धागे उचलले जातात आणि त्यांखालून रंगीत बाणा सरकतो. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याची वीण बिघडते. हे काम दोघांच्या एकतानतेचे आहे, आणि मराठवाड्याच्या इतिहासात त्याला आजवर मिळाली त्यापेक्षा पुष्कळ मोठी जागा मिळायला हवी.

या कलेचा उगम मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांपर्यंत नेण्याची परंपरा आहे, आणि नान-खलिया हे शहराचे प्रसिद्ध जेवणही तुघलकाच्या फौजेच्या मुदपाकखान्याशी जोडले जाते. या कथांना आख्यायिकेइतकेच वजन द्यावे. मात्र नान-खलिया हे मोठ्या पंगतीचे अन्न आहे, हे त्याच्या कृतीतूनच दिसते. नान भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजतात, खलिया म्हणजे मसालेदार तर्रीचे मटण मोठ्या देगेत शिजते, आणि लग्नघरी नान घरी न करता भट्टीवरून आणण्याची रीत आहे.

१७६३ च्या सुमारास, मोगलांनंतर येथे सत्तेवर आलेल्या निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि दोन्ही धंद्यांच्या वाटा येथून वेगळ्या झाल्या. नानाचे गिऱ्हाईक गावातलेच होते, त्यामुळे दरबार उठला तरी भट्ट्या विझल्या नाहीत. हिमरूचे गिऱ्हाईक दरबारी होते. हैदराबादच्या उमरावांनी त्याला काही काळ हात दिला, पण संस्थान संपल्यावर विणकरांना पर्यटकांवर विसंबावे लागले, अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती कापडावर आल्या आणि पुढे यंत्रमागावरची स्वस्त नक्कल त्याच नावाने विकली जाऊ लागली. हातमागावर हिमरू विणणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. विणणे शिकवता येते, पण नवा जाळा बांधणारा नसेल तर जुना जाळा तुटताच त्यातली नक्षीही कायमची जाते, म्हणून शिक्षणाची सोय करायची तर ती विणकराइतकीच जाळा बांधणाऱ्यासाठीही करावी लागेल.