पिक्चर कसाय?

माणूस सिनेमा पाहतो तो पाहण्यासाठी नव्हे, तर पाहून आल्यावर दुसऱ्याला सांगण्यासाठी, असा माझा एक जुना सिद्धांत आहे. खोटं वाटत असेल तर एकट्यानं सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या माणसाचा चेहरा बघा. तोंडात मत तयार आहे आणि समोर कान नाही! असा माणूस पानाच्या गादीवर उगीचच थांबतो, नको असताना पान लावायला सांगतो आणि पानवाल्याला म्हणतो, ‘‘इंटरव्हलनंतर जरा लांबलाय हो.’’ पानवाला मान हलवतो. त्यानं तेच वाक्य संध्याकाळपासून चाळीस जणांकडून ऐकलेलं असतं.

या विषयाचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही. सिनेमा कोणी काढला, कोणी नाचवला, कोण बुडालं, हे सगळं ग्रंथांतून आहे. पण बाहेर आलेला प्रेक्षक मित्राला काय म्हणाला, याला इतिहासात एक ओळही नाही. ती उणीव भरून काढायची जबाबदारी, दुसरं कोणी पुढं येत नसल्यामुळं, मी घेत आहे.

७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. आगगाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, असली दोन-दोन मिनिटांचीसुद्धा नसलेली चित्रं. ती पाहून घरी गेलेल्या पहिल्या गृहस्थानं काय मत दिलं, ते कळायला मार्ग नाही. पण त्याच्या बायकोचं मत मी छातीठोकपणे सांगू शकतो. ‘‘रुपया मोजून आगगाडी बघितलीत? बोरीबंदरला फुकट दिसते ती!’’

पुढं ३ मे १९१३ ला आमच्या गिरगावात, कॉरोनेशन थिएटरात, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मुंबईत लोकांनी तो डोक्यावर घेतला. सुरतेला मात्र थिएटरवाल्यानं कुरकुर केली म्हणतात, की नाटक सहा तास चालतं आणि तुमचा खेळ दीड तासात आटोपतो, मग लोकांनी पैसे कशाचे द्यायचे? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती अशी, की सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सारं फक्त तीन आण्यांत! सिनेमा मैलांत मोजून विकणारा हा पहिला माणूस. त्या मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून मधल्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवी आणि वाचता वाचता पदरची दोन वाक्यंही घाली. हा माणूस ध्यानात ठेवा. त्याचा वंशज लवकरच येतो आहे.

माझ्या वडिलांची पिढी मतांच्या बाबतीत काटकसरी होती. ‘संत तुकाराम’ १९३६ साली सेंट्रल सिनेमाला लागला आणि वर्षाहून जास्त हलला नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वडिलांनी त्यावर एकच मत दिलं, ‘‘पागनिसांसारखा तुकाराम पुन्हा होणे नाही.’’ आणि तेच त्यांनी पुढची चाळीस वर्षं, कुठल्याही सिनेमाबद्दल विचारलं तरी, दिलं. ज्यांना याहून तिखट लागे ते बाबुराव पटेलांचा ‘फिल्मइंडिया’ वाचत. १९३५ पासून हा गृहस्थ पडद्यावरच्या भल्याभल्यांची सालटी काढत असे आणि वाचकांच्या प्रश्नांना अशी उत्तरं देई की वाचक पुन्हा प्रश्न विचारायला धजू नये. तरी लोक विचारतच राहिले. चारचौघांत अपमान होण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ.

आता वंशजाकडे येतो. तो म्हणजे वश्या. आमच्याच चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, माझ्याहून एक वर्षानं मोठा. दहा पोरांपैकी एकाच्याही घरातून सिनेमाला पैसे मिळण्याचा संभव नव्हता. म्हणून आम्ही दहा-दहा पैसे वर्गणी काढत असू आणि त्या पैशातून वश्याला सिनेमाला पाठवत असू. वश्यालाच का? तर तो सांगायचा छान. दुपारच्या खेळाला तो निघाला की आम्ही त्याला नाक्यापर्यंत पोचवायला जात असू, परदेशी निघालेल्या माणसाला बोटीवर पोचवावं तसे. आणि संध्याकाळी दिवेलागणीला जिन्याच्या पायऱ्यांवर स्टोरी.

स्टोरी सांगणं हा शब्द आता ज्या क्षीण अर्थानं वापरतात तसं ते नव्हतं. सिनेमा तीन तासांचा असेल तर वश्याची स्टोरी चार तासांची असे. पार्श्वसंगीत तो तोंडानं देई. मारामारी जवळ बसलेल्याच्या पाठीवर प्रत्यक्ष होई. गाणी म्हणे, आणि हिरॉईनचं गाणं आलं की आवाज बारीक करी. मध्येच नळाला पाणी आलं की बादल्या घेऊन पळावं लागे, ते इंटरव्हल.

‘ज्वेल थीफ’ आला १९६७ साली. वश्या पाहून आला, पायरीवर बसला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चोर अशोककुमार आहे. आता ऐका!’’

(ज्यांनी अजून तो पाहिला नसेल त्यांची क्षमा मागतो. पण अर्धशतक उलटून गेलं, वाट तरी किती बघायची?)

शेवट आधी सांगितला म्हणून कोणी ओरडलं नाही. उलट आम्ही अधिक सरसावून बसलो. कारण आता अशोककुमार तोंड उघडी तेव्हा तेव्हा आम्हाला माहीत होतं आणि बिचाऱ्या देव आनंदला माहीत नव्हतं. शेवटाकडे तर देव आनंद हत्तीवर बसून डोंगर उतरतो आणि गुंडांच्या जीपवर हत्तीच घालतो, तिथं खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी आपटून आम्हाला गप्प केलं. काय तो हत्ती! अजून डोळ्यांसमोर आहे.

मतं देण्याचीही आमची एक परिभाषा ठरलेली होती. ‘गाणी चांगली आहेत’ म्हणजे सिनेमा बरा नाही. ‘फोटोग्राफी चांगली आहे’ म्हणजे मुळीच बरा नाही. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे मी फसलो आहे, तूही फस. माझ्या मावशीचं मोजमाप रुमालात असे. ‘श्यामची आई’ तीन रुमाल. त्याच्यावर तिच्या हिशेबात काही नव्हतंच.

स्वतः मी मत देणारा म्हणून कधीच नाव काढलं नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला. तोवर मी नोकरीला लागून स्वतःच्या पैशानं सिनेमे पाहत होतो. पहिल्याच आठवड्यात पाहून आलो आणि इराण्याच्या हॉटेलात जाहीर केलं, की हा पडणार. मी एकटाच नव्हतो. समीक्षकांनी नाकं मुरडली होती, धंद्यातले लोकही माना हलवत होते, आणि शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं की काय, इथपर्यंत बोलणी झाली. म्हणजे माझ्या मूर्खपणाला संगत चांगली होती. वश्या एकटा म्हणाला, ‘‘चालणार. लोक बाहेर येऊन बोलत नाहीयेत.’’ मी म्हटलं, ‘‘बोलत नाहीयेत म्हणजे पडलाच की!’’ तो म्हणाला, ‘‘नाही. कसं सांगावं ते त्यांना सुचत नाहीये.’’ वरळीच्या एका थिएटरवाल्यानंही तेव्हा म्हणे रमेश सिप्पींना हेच निराळ्या भाषेत सांगितलं. त्याच्याकडे आईस्क्रीम आणि थंड पेयं खपेनाशी झाली होती, कारण लोक जागेवरून उठेनात. पुढं तो मिनर्वाला पाच वर्षं ठाण मांडून बसला. नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि गणपतीच्या मांडवात गाण्यांऐवजी गब्बर ऐकू येऊ लागला. मी मिसळ हरलो. जादा पावासकट.

पण वश्याचं राज्य आतून पोखरत आलं होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि दोनेक वर्षांत आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, शटरचा टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी काकूंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत साठ माणसं. वश्याही येई. आता सिनेमा जुना, वश्यानं पाहिलेला. त्याला राहवेना. ‘‘आता बघा, हा मरतो!’’ ‘‘ती बहीण आहे त्याची, पण त्याला ठाऊक नाही.’’ एक रविवार, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी काकू म्हणाल्या, ‘‘वश्या, तू गॅलरीत जाऊन बस बघू.’’ सबंध चाळीला ज्यानं सिनेमा दाखवला, तो गॅलरीत! सोमवारी सकाळी नळावर सगळ्यांचीच मतं तयार असत. पूर्वी एक सांगे आणि दहा ऐकत. आता साठ जण सांगत होते, आणि ऐकायला म्हणाल तर कोणी शिल्लक नव्हतं.

त्याच काकूंकडे एका रविवारी ‘ज्वेल थीफ’ लागला. मी हत्तीची वाट पाहत बसलो. सिनेमा संपला, हत्ती आला नाही. मला वाटलं, दूरदर्शनवाल्यांनी कापला असणार. ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आली होती तेवढ्यात गेला असणार. गॅलरीत जाऊन वश्याला विचारलं. तो कठड्याला टेकून शांतपणे म्हणाला, ‘‘हत्ती मी घातला होता. तुम्ही लोक जांभया द्यायला लागला होतात.’’

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ७ जुलै १९८४ ला (वॉटसन हॉटेलचीच तारीख, हा माझ्या संशोधनाचा एकमेव मौलिक निष्कर्ष) ‘हम लोग’ सुरू झालं. गोष्ट आता तुकड्यांनी येऊ लागली आणि मतं मागच्यापेक्षा पुढच्याबद्दल जास्त देता येऊ लागली. बडकीचं लग्न व्हावं की नाही यावर आमच्या हापिसात दोन तट पडले. सगळी मिळून चार लाखांवर पत्रं आली, असा हिशेब पुढं संशोधकांनी मांडला आहे. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेमळपणे उपदेश करी. सारा देश विरघळे. मी मात्र १९६७ पासून त्या माणसावर विश्वास ठेवत नाही. मग २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ आलं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. आणि गंमत बघा, या गोष्टीचा शेवट पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांना पाठ! कोणी म्हणालं नाही, की रावण मरतो हे आधी का सांगितलंत?

हे आठवायचं कारण, आता माझ्यावर घरात बोलायची बंदी आहे. नातीला नुसतं म्हटलं, ‘‘अगं, ती मालिका मी बघितली’’ की ती दोन्ही कानांवर हात ठेवते. ‘‘आजोबा, स्पॉयलर नको!’’ बागेत आम्ही सहा म्हातारे जमतो. सहा जण सहा निरनिराळ्या मालिका पाहत असतो. चुकून दोघांची एक निघालीच, तर एक म्हणतो, ‘‘थांबा, मी चौथ्या भागावर आहे,’’ आणि दुसरा घास तोंडात धरावा तसा विषय धरून बसतो. मग आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो. गुडघ्यांचा शेवट आधी कळला तरी चालतो.

वश्या आता नाशिकला मुलाकडे असतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांतला मधला भाग निकामी झाला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मला फोनवर म्हणाला, ‘‘खांबाआडची सीट मिळालीय रे. आणि हा खांब उठून दुसरीकडे जायला तयार नाही.’’ ‘शोले’ त्याला अजून दिसतो म्हणे, नुसता ऐकूनसुद्धा. ‘‘पण हल्लीच्या पिक्चरमध्ये माणसं बोलतच नाहीत. नुसती बघत राहतात. काय बघतात ते मला कोण सांगणार?’’ मुलगा-सून कामावर जातात. नातू सांगतो, पण दोन वाक्यांत.

तेव्हा गेली दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी मी त्याला फोनवर स्टोरी सांगतो. वर्गणी नाही. ‘लापता लेडीज’ सांगितला तेव्हाची गोष्ट. रेल्वेत दोन नवऱ्या मुली, दोघींचे पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत, आणि नवरा अंधारात भलतीलाच घेऊन उतरतो, इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. मग मी ठाण्याशी आलो आणि माझी गाडी नेहमीप्रमाणे घसरली. तो इन्स्पेक्टर पान खातो, असं मी सांगितलं.

‘‘कसं खातो?’’

‘‘कसं म्हणजे? खातो.’’

‘‘अरे, थुंकतो कुठं? टेबलावर काय काय आहे? तू फार घाई करतोस. तुझ्या बापासारखं एका वाक्यात उरकतोस.’’

मी पुन्हा सुरुवात केली. टेबल सांगितलं, फायली सांगितल्या, पंखा सांगितला. पलीकडून हुंकार बारीक होत गेले. मग ती ओळखीची जांभई ऐकू आली. मी ठाण्याच्या दारातून एक हत्ती आत आणला.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, लाईन गेली.

‘‘माहूत कोण आहे?’’ वश्यानं विचारलं.