भिंत फोडण्याची परवानगी

कवठे महांकाळ परिसरातली जुनी घरे दगड-मातीची, वर माळवद. अशा घराचा दोष लपत नसे. भिंतीला पोट आले, तुळई वाकली की गल्लीतल्या कोणालाही दिसे. पंच नुसत्या डोळ्यांनी निवाडा करू शकत. सिमेंट-सळईचे घर आले आणि दोष गिलाव्याआड गेला. त्यात आपली काळी माती पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. तडा गेला की मालक म्हणतो सळई कमी घातली, ठेकेदार म्हणतो मातीने दगा दिला. खरे काय, ते कॉलम फोडल्याशिवाय किंवा पाया उकरल्याशिवाय कळत नाही. पण एकदा फोडले की मूळ पुरावा पुन्हा उभा करता येत नाही, म्हणून न्यायालयाची परवानगी.

मी वकील नाही. जुन्या निकालांचा नाद असलेला माणूस. या परवानगीचे मूळ शोधताना गाठ पडली ती थेट कंपनी सरकारशी. 25 सप्टेंबर 1819 रोजी प्रतापसिंह महाराजांशी तह करून कंपनीने सातारा राज्य आपल्या मुठीत ठेवले. त्याच सुमारास लंडनमध्ये याच कंपनीवर तिची गोदामे तपासणीसाठी उघडण्याची पाळी आली होती! काइनॅस्टन नावाच्या पक्षकाराविरुद्धचे हे अपील 1821 मध्ये उमरावांच्या सभागृहाने निकालात काढले. जबरदस्तीने आत घुसण्याचा हा हुकूम आहे, अशी कंपनीची तक्रार. लॉर्ड रेडस्डेल यांनी ती मोडून काढली. दार तोडण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही; ‘पाहू द्या’ एवढीच कंपनीला आज्ञा आहे, आणि ती मोडली तर न्यायालयाचा अवमान होईल. पुढे 1975 मध्ये अँटन पिलर खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी याच निकालाचा आधार घेतला.

आपल्याकडे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन वाटा आहेत. आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन पाहतो, मोजतो, अहवाल देतो. शास्त्रीय तपासणीचा नियम 10अ 1976 च्या दुरुस्तीने आला. फोडण्याच्या दृष्टीने मात्र मला आदेश 39, नियम 7 अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्या पक्षकाराच्या ताब्यातल्या इमारतीत शिरायला, नमुने घ्यायला, प्रयोग करून पाहायला तो स्पष्ट मुभा देतो. नियम 8 प्रमाणे त्याआधी समोरच्याला नोटीस हवी. उशिराने हेतूच बुडणार असेल तरच ती टाळता येते.

यात एक बारीक शब्द आहे, ‘पक्षकार’. गळती वरच्या मजल्यावरून असेल आणि तिथला मालक दाव्यातच नसेल, तर या नियमाने त्याची फरशी उचलता येत नाही. त्याला आधी दाव्यात आणावे लागते. तोवर तिथे नवी फरशी बसली तर?

नमुना किती घ्यायचा, हेही अर्जात लिहायला हवे. भारतीय मानक 456 (2000) प्रमाणे काँक्रीटचे किमान तीन गाभे कापून तपासावे लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या निदान 85 टक्के हवी आणि एकही गाभा 75 टक्क्यांखाली नको. एकच गाभा कापून आणणाऱ्याचा अहवाल उलटतपासणीत टिकणे कठीण. अर्जात आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: कापलेली भोके कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने बुजवायची, हे हुकमातच लिहून यावे. दावा वर्षानुवर्षे चालतो आणि त्या घरात माणसे राहत असतात.